सहमतीची किंमत : ब्लॉकचेनमधील वीज आणि सुरक्षितता

तळटीप (धागाकर्ता)

"बिटकॉइनची गणिते फार अवघड असतात, म्हणून एवढी वीज लागते" हे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते चुकीचे आहे, आणि ही चूक दुरुस्त केल्याशिवाय वीज वाचवण्याची चर्चा पुढे सरकत नाही, असे माझे मत आहे. एक एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरापासून ठरीव सूत्राने निघणारा एक मोठा आकडा, काढणे हे कोणत्याही साध्या संगणकाला क्षणार्धात जमणारे काम आहे. मुद्दाम अवघड केलेली आहे ती अट : ब्लॉकचा (व्यवहारांच्या गठ्ठ्याचा; असे गठ्ठे जोडून साखळी, म्हणजे सर्वांची सामाईक नोंदवही बनते) हॅश ठरावीक मर्यादेपेक्षा लहान असला पाहिजे, आणि तसा तो सापडेपर्यंत ब्लॉकमधील एक आकडा बदलत पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यावाचून मार्ग नसतो. दर २०१६ ब्लॉकांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ही मर्यादा अशी सैल किंवा कडक केली जाते की नवा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनीच निघावा.

याचा परिणाम असा की अधिक कार्यक्षम यंत्रे आणून वीज वाचत नाही. साध्या प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डांकडे आणि तेथून केवळ हॅश काढण्यासाठी घडवलेल्या चिपांकडे मायनर (असा हॅश शोधून नवा ब्लॉक जोडणारे आणि त्याचे बक्षीस मिळवणारे) गेले. दर हॅशमागे लागणारी वीज प्रचंड घटली, तरी एकूण वीजवापर वाढतच गेला, कारण प्रत्येकाने वाचलेल्या विजेत आणखी हॅश काढले आणि अट तेवढी कडक झाली. वापर ठरतो तो बक्षिसाच्या बाजारभावावरून. मिळकतीच्या जवळ खर्च पोचेपर्यंत नवे मायनर येत राहतात. आज बिटकॉइनचा वार्षिक वापर १०० टेरावॅट-तासांच्या पुढे असल्याचे अंदाज आहेत, आणि त्यामागे गणिताची नव्हे, तर अर्थशास्त्राची गरज आहे.

आता माझी शंका. २०२१ मध्ये चीनने मायनिंगवर बंदी घातली तेव्हा बिटकॉइनचा हॅशरेट (दर सेकंदाला काढल्या जाणाऱ्या हॅशांची संख्या) थोड्याच आठवड्यांत जवळपास निम्मा झाला. ब्लॉक उशिरा येऊ लागले, ३ जुलैला अटीची काठिण्यपातळी सुमारे २८ टक्क्यांनी उतरली, आणि पुढे सारे पूर्ववत चालू राहिले. नोंदवहीत एकही चुकीची नोंद शिरली नाही. मग ती गेलेली अर्धी वीज नेमके काय करत होती? ती कमी केली तर आपण काय गमावतो, आणि जे गमावतो ते दुसऱ्या स्वस्त साधनाने परत मिळवता येते का?

विषमांक

प्रश्न चांगला मांडला आहे. मात्र "सहमतीला वीज लागते" हे गृहीतकच मी आधी बाजूला ठेवतो, कारण सहमती ही गोष्ट मुळात स्वस्त आहे.

लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी १९८२ मध्ये बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न मांडला. काही सेनापती फितूर असतानाही उरलेल्यांनी एकाच निर्णयावर कसे यावे, असा तो प्रश्न. सह्यांची सोय नसेल, तर फितुरांची संख्या एक तृतीयांशापेक्षा कमी असल्याशिवाय हे साधत नाही, असे त्यांनी दाखवले. पुढे १९९९ मध्ये कास्त्रो आणि लिस्कोव्ह यांनी याच मर्यादेत, प्रत्यक्ष वापरता येईल इतकी वेगवान पद्धत दिली. तिला वीज लागते ती संदेश पाठवण्यापुरती आणि सह्या तपासण्यापुरती. एकही हॅश वाया जात नाही.

पण या साऱ्या पद्धतींत सेनापती, म्हणजे मत देणारे संगणक, किती आणि कोण, हे आधीच माहीत असते. दार उघडे ठेवले आणि कोणालाही यायला मुभा दिली, की एकच मनुष्य हजार मुखवटे लावून हजार मते टाकू शकतो. याला सिबिल हल्ला म्हणतात. प्रूफ ऑफ वर्कचे, म्हणजे हॅश शोधून काम केल्याचा पुरावा देण्याच्या बिटकॉइनच्या पद्धतीचे, खरे काम हा हल्ला महाग करणे हे आहे. कल्पनाही बिटकॉइनची नाही. १९९२ मध्ये ड्वर्क आणि नाओर यांनी नकोशा ईमेलला आळा घालण्यासाठी प्रत्येक पत्रामागे थोडे गणनकाम करायला लावावे, असे सुचवले होते. १९९७ च्या हॅशकॅशने तेच प्रत्यक्षात आणले. बिटकॉइनने या तिकिटाचे मतपत्रिकेत रूपांतर केले.

तेव्हा "सहमती कमी विजेत कशी घडवावी" यापेक्षा "मत मोजण्यासाठी विजेच्या जागी दुसरी कोणती दुर्मिळ वस्तू ठेवावी" असा प्रश्न विचारला, तर उत्तरांची तुलना करता येईल.

दीपस्तंभ

एक छोटी दुरुस्ती, कारण हा आकडा या धाग्यातही लवकरच कोणीतरी आणेल. "एका व्यवहाराला इतकी वीज लागते" अशी जी गणिते फिरतात, ती एकूण विजेला व्यवहारांच्या संख्येने भागून काढलेली असतात. ब्लॉकमध्ये दोन हजार व्यवहार असोत किंवा एकही नसो, मायनिंगचा खर्च तोच राहतो. व्यवहार कमी केल्याने वीज वाचणार नाही आणि वाढवल्याने ती वाढणार नाही. हा आकडा टीकेला सोयीचा आहे, पण उपाय शोधायला निरुपयोगी आहे.

जुनी वही

विषमांक यांनी "दुसरी दुर्मिळ वस्तू" म्हटले, त्याचा रोख प्रूफ ऑफ स्टेककडे, म्हणजे साखळीचेच चलन ठेव म्हणून ठेवून मत मिळवण्याच्या पद्धतीकडे, आहे हे उघड आहे. त्या बाजूने जाण्यापूर्वी विजेची एक गुणवत्ता नोंदवून ठेवावीशी वाटते. वीज साखळीच्या बाहेरची वस्तू आहे. ती एकदा खर्च झाली की परत मिळत नाही आणि तिचा खोटा दाखला बनवता येत नाही. मी आज पहिल्यांदा नोड (साखळीची प्रत ठेवून ती तपासणारा संगणक) सुरू केला, समोर दोन परस्परविरोधी इतिहास आले, आणि जगात एकाही माणसावर माझा विश्वास नसला, तरी कोणत्या इतिहासामागे अधिक काम आहे हे मी स्वतः मोजू शकतो.

स्टेकमध्ये मताची किंमत साखळीच्या आतच असते. दोन फाटे फुटले तर दोन्हींवर सही करायला व्हॅलिडेटरला (ठेव ठेवून मत देणाऱ्याला) काहीच खर्च येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ज्यांनी कधीकाळी ठेव ठेवली आणि नंतर काढून घेतली, त्यांच्या सही करण्याच्या जुन्या गुप्त किल्ल्या कोणी विकत घेतल्या, तर अगदी मागच्या एखाद्या ब्लॉकपासून संपूर्ण पर्यायी इतिहास फुकटात लिहिता येतो. सह्या सगळ्या खऱ्याच असतील. नव्या नोडने यातला खरा इतिहास कसा ओळखायचा? कोणाला तरी विचारूनच ना? मग विश्वास काढून टाकण्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, त्याचे काय झाले?

विषमांक

जुनी वही यांचे दोन्ही आक्षेप खरे आहेत, आणि २०१२ च्या पीअरकॉइनपासूनच्या सुरुवातीच्या स्टेक-पद्धतींपाशी त्यांना पुरेसे उत्तर नव्हते. आज पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे. दुसऱ्याला निम्मे आहे.

पहिल्याचे उत्तर म्हणजे ठेवजप्ती, ज्याला स्लॅशिंग म्हणतात. एकाच टप्प्यासाठी दोन वेगवेगळ्या मतांवर केलेल्या सह्या हाच गुन्ह्याचा पुरावा असतो. तो कोणीही साखळीवर सादर करू शकतो आणि सही करणाऱ्याची ठेव कापली जाते. स्टेकवर चालणाऱ्या इथेरियम साखळीत कपातीचे प्रमाण, त्याच सुमारास आणखी किती जण तसेच पकडले गेले, यावर ठरते. एकटादुकटा चुकला तर दंड थोडा, पण एकूण स्टेकच्या एक तृतीयांश इतके लोक एकदम पकडले गेले तर त्यांची सगळीच ठेव जाते. आणि दोन परस्परविरोधी ब्लॉक "अंतिम", म्हणजे मागे न फिरवता येणारे, ठरायचे असतील तर निदान एक तृतीयांश स्टेकने परस्परविरोधी सह्या केलेल्या असल्याच पाहिजेत, हे गणिताने सिद्ध होते. म्हणजे सर्वांत मोठा गुन्हा आणि सर्वांत मोठा दंड एकमेकांना बांधलेले आहेत.

मला यातला फरक भाडे आणि अनामत असा दिसतो. प्रूफ ऑफ वर्कची सुरक्षितता हे रोज भरायचे भाडे आहे. ते थांबले की संरक्षण थांबले, आणि कालपर्यंत भरलेल्या भाड्याचा उद्याच्या ब्लॉकला काही उपयोग नाही. स्टेक ही अनामत आहे. ती जागच्या जागी पडून राहते, खर्च होत नाही, पण गुन्हा केला तर जाते. वीज वाचते ती या एका कारणाने. संरक्षणासाठी दर क्षणी काहीतरी जाळण्याऐवजी, जाळता येईल असे काहीतरी गहाण ठेवले जाते.

हल्लेखोराच्या बाजूनेही हा फरक पाहावा. ऑगस्ट २०२० मध्ये इथेरियम क्लासिक या प्रूफ ऑफ वर्कच्या छोट्या साखळीवर महिन्याभरात तीनदा बहुमताचा (निम्म्याहून अधिक हॅशशक्ती हाती घेऊन इतिहास बदलण्याचा) हल्ला झाला. हल्लेखोरांना यंत्रे विकत घ्यावी लागली नाहीत, हॅशशक्ती भाड्याने मिळत होती. हल्ला झाल्यावर ती यंत्रे जशीच्या तशी राहिली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वापरता आली. त्याआधी मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्डचीही हीच गत झाली होती. साखळी किती वीज खाते यापेक्षा, त्या जातीच्या जगातल्या एकूण यंत्रांपैकी किती तिच्याकडे आहेत, यावर सुरक्षितता ठरते. मोठ्या साखळीच्या सावलीत तीच यंत्रे वापरणारी छोटी साखळी वीज जाळूनही उघडीच असते. स्टेकमध्ये दुसरा हल्ला करायला दुसरी अनामत आणावी लागते.

आता दुसरा आक्षेप. जुन्या किल्ल्यांच्या हल्ल्याला स्वयंपूर्ण उत्तर नाही. नव्या किंवा दीर्घकाळ बंद असलेल्या नोडने एखादा अलीकडचा ब्लॉक विश्वासू स्रोताकडून घ्यावा, आणि व्हॅलिडेटरांना बाहेर पडण्यासाठी रांग व विलंब असावा, म्हणजे त्या काळात ठेव जप्तीच्या आवाक्यात राहते, एवढाच उपाय आहे. इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक बुटेरिन यांनी याला "दुर्बळ व्यक्तिनिष्ठता" अशा अर्थाचे नाव दिले. "ही किंमत आम्ही मोजतो" अशी ती उघड कबुली आहे.

जुनी वही

कबुली दिलीत, हे आवडले. पण "एवढाच उपाय" हे शब्द फार हलके वाटले. विश्वासू स्रोत म्हणजे अखेर माणसेच.

दीपस्तंभ

माणसे दोन्हीकडे आहेत. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या नव्या आणि जुन्या आवृत्तीत डेटाबेसच्या मर्यादेवरून फरक पडला आणि साखळीला दोन फाटे फुटले. त्या क्षणी अधिक काम नव्या आवृत्तीच्या फाट्यावर होते. तरी विकासकांनी मोठ्या पूलांच्या (एकत्र मायनिंग करणाऱ्या गटांच्या) चालकांशी बोलून त्यांना जुन्या आवृत्तीवर परत आणले आणि अधिक कामाचा तो फाटा सोडून दिला. निर्णय योग्यच होता, पण तो हॅशने घेतलेला नव्हता. शिवाय नोडचे सॉफ्टवेअर आपण कोठून उतरवून घेतो, याचे उत्तरही "विश्वासू स्रोताकडून" असेच आहे. तेव्हा वीज जाळणाऱ्या पद्धतीत विश्वास शून्य आहे, असे न म्हणता, तो कमी वेळा आणि वेगळ्या ठिकाणी लागतो, असे म्हणावे.

रात्रपाळी

मी स्वतः एक व्हॅलिडेटर चालवतो, म्हणून थोडे जमिनीवरचे लिहितो.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम प्रूफ ऑफ वर्कवरून स्टेकवर गेले. नवी बीकन साखळी १ डिसेंबर २०२० पासूनच शेजारी चालू होती, आणि दोन्ही जोडताना व्यवहार थांबले नाहीत. वीजवापर ९९.९५ टक्क्यांच्या आसपास घटला. यात आश्चर्य काही नाही. माझे यंत्र म्हणजे एक छोटा संगणक आणि एक एसएसडी आहे, आणि तो एका जुन्या दिव्याइतकी वीज घेतो. बाहेर पडलेल्या ग्राफिक्स कार्डांपैकी काही इथेरियम क्लासिकसारख्या साखळ्यांकडे वळली, पण तेथील बक्षीस एवढ्या यंत्रांना पुरणारे नव्हते, म्हणून बरीचशी बंद पडली. बक्षीस वीज ठरवते हा धागाकर्त्यांचा मुद्दा यातून उलट बाजूनेही सिद्ध होतो.

पण या स्वस्ताईत धोक्याचे स्वरूप बदलले आहे. मायनरची भीती असते वीजबिलाची. माझी भीती असते माझ्याच चुकीची. एकदा डिस्क खराब झाल्यावर मी घाईने दुसऱ्या यंत्रावर किल्ल्या टाकल्या, आणि जुने यंत्र आपोआप पुन्हा सुरू होणार नाही याची खात्री करायला विसरलो. वेळेत लक्षात आले म्हणून निभावले. दोन्ही यंत्रे एकाच वेळी सह्या करत बसली असती, तर कोणताही दुष्ट हेतू नसताना माझी ठेव कापली गेली असती. आजवरच्या बहुतेक ठेवजप्त्या अशाच, हल्ल्यातून नव्हे, तर गलथानपणातून झालेल्या आहेत.

याचे मोठे रूप म्हणजे सॉफ्टवेअरची एकसुरी मक्तेदारी. मे २०२३ मध्ये इथेरियमची अंतिमता दोनदा खंडित झाली, एकदा साधारण २५ मिनिटे आणि दुसऱ्यांदा तासाभराहून जास्त. जुन्या टप्प्यांसंबंधीची मते हाताळताना प्रिझम आणि टेकू या क्लायंटांवर (व्हॅलिडेटर ज्यावर चालतात त्या सॉफ्टवेअरवर) एवढा ताण आला की त्यांचे पुष्कळ व्हॅलिडेटर गप्प झाले. इतर क्लायंट तग धरून होते, म्हणून साखळी पुढे सरकत राहिली. सगळ्यांनी एकच क्लायंट वापरला असता, तर ती थांबली असती. आणि दोन तृतीयांशांपेक्षा जास्त लोकांच्या क्लायंटमध्ये केवळ गप्प बसण्याऐवजी चुकीच्या ब्लॉकला मान्यता देण्याची चूक असती, तर तो चुकीचा ब्लॉक अंतिम ठरला असता. प्रूफ ऑफ वर्कमध्ये हल्ल्याची किंमत काढताना आपण वीज मोजतो. येथे मला वाटते की कोणत्या क्लायंटचा वाटा किती, हा आकडा ठेवीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे कोणी पाहत नाही.

तळटीप (धागाकर्ता)

रात्रपाळी यांचा प्रतिसाद वाचून माझी शंका अधिक टोकदार झाली. वीज काढली तर हल्ल्याची किंमत उरते, पण ती ठेवीत, सॉफ्टवेअरच्या विविधतेत आणि माणसांच्या दक्षतेत विखुरली जाते. विजेचे बिल एका आकड्यात सांगता येते, ही विखुरलेली किंमत येत नाही. शिवाय जप्ती फक्त परस्परविरोधी सह्यांना लागते. बहुमताच्या व्हॅलिडेटरांनी ठरवून काही विशिष्ट व्यवहार आत घेतलेच नाहीत, तर पुरावा कशाचा दाखवणार?

आणखी एक. वीज आणि ठेव यांच्या मधले मार्ग नाहीत का? साठवणुकीची जागा किंवा विश्वासार्ह हार्डवेअर असे पर्याय वाचनात आले होते.

विषमांक

व्यवहार वगळण्याबाबत तुमचा आक्षेप बिनतोड आहे. "मला तो व्यवहार मिळालाच नाही" ही सबब खोटी ठरवता येत नाही, म्हणून त्याला आपोआप जप्ती लावता येत नाही. तेथे शेवटचा उपाय अल्पमतातील नोडांनी वेगळा फाटा चालवणे हाच आहे, आणि तो पुन्हा माणसांचा निर्णय आहे. मात्र प्रूफ ऑफ वर्कमध्येही बहुमताच्या पूलांनी हेच केले तर तुमच्या हातात याहून कमी साधने असतात, कारण त्यांची यंत्रे कोणत्याही नियमाने जप्त करता येत नाहीत.

मधल्या मार्गांबद्दल थोडक्यात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या चिया या साखळीने डिस्कची जागा हे तिकीट केले. चालू वीज कमी लागते हे खरे, पण जागा भरताना एसएसडी झिजतात, म्हणजे खर्च विजेतून यंत्रांच्या निर्मितीकडे सरकला. हार्डवेअरवर विसंबणारी पद्धत इंटेलने सुचवली होती. प्रोसेसरमधील सुरक्षित कप्पा यादृच्छिक काळ वाट पाहतो आणि ज्याची वाट आधी संपते तो ब्लॉक लिहितो. वीज जवळपास लागत नाही, पण सारी सुरक्षितता एका उत्पादकाच्या एका कप्प्यावर टांगलेली असते, आणि २०१८ मध्ये फोरशॅडो त्रुटीने त्या कप्प्यातील गुपिते बाहेर काढता येतात हे दाखवून दिले. सहभागी आधीच ठरलेले असतील, तर यापैकी कशाचीच गरज नाही. जुनी बायझंटाइन पद्धत पुरते, आणि केवळ यंत्रे बंद पडण्याचीच भीती असेल तर राफ्ट ही आणखी साधी पद्धतही पुरते.

दीपस्तंभ

ठेवीच्या पद्धतीतही फुकट काही नाही, फक्त खर्चाचे चलन बदलते, हे रात्रपाळी यांच्या अनुभवातून दिसते. आता प्रश्न वीजेचा नसून संदेशांचा आहे. इथेरियममध्ये व्हॅलिडेटरांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. प्रत्येकाने दर ३२ स्लॉटांच्या (एकेका ब्लॉकसाठी राखलेल्या वेळांच्या) टप्प्यात, म्हणजे ६.४ मिनिटांत, एकदा मत द्यायचे असते. एवढ्या सह्या वेगवेगळ्या तपासणे अशक्य आहे. बीएलएस या प्रकारच्या सह्या एकत्र करून त्यांची एकच सही बनवता येते, म्हणून हे चालते. तरीही अंतिमतेला साधारण १३ मिनिटे लागतात. मे २०२५ च्या सुधारणेने एका व्हॅलिडेटरची परिणामकारक ठेव ३२ ऐवजी २०४८ इथरपर्यंत नेण्याची मुभा दिली. मोठ्या ठेवीदारांनी आपले शेकडो व्हॅलिडेटर एकत्र केले तर संदेश घटतील आणि अंतिमता लवकर येण्याची वाट मोकळी होईल. माझ्या मते वीज आणि सुरक्षितता दोन्हींच्या दृष्टीने पुढचे काम येथे आहे.

जुनी वही

माझ्या बाजूचा एक अप्रिय मुद्दा मीच मांडतो, नाहीतर कोणीतरी मांडेलच. विषमांक यांची भाड्याची उपमा मला खटकली होती, पण विचार करता ती बिटकॉइनलाच अधिक लागू पडते. दर २,१०,००० ब्लॉकांनंतर बक्षीस निम्मे होते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ बिटकॉइन आहे. भाव किंवा व्यवहारशुल्क त्याच प्रमाणात वाढले नाही, तर धागाकर्त्यांच्याच तर्काने वीजवापर आपोआप उतरेल. पर्यावरणाच्या दृष्टीने ती चांगली बातमी, पण हल्लेखोराचे भाडेही त्याच वेगाने उतरलेले असेल. अर्थतज्ज्ञ एरिक बुडिश यांनी २०१८ मध्ये हेच दाखवले होते : मायनरांना दर ब्लॉकमागे मिळणारी रक्कम हल्ल्यातून एकदाच मिळू शकणाऱ्या लाभाच्या तुलनेत मोठी राहिली पाहिजे. म्हणजे साखळीवर जेवढी मोठी रक्कम फिरते, तेवढे भाडे सतत भरत राहावे लागते.

तळटीप (धागाकर्ता)

म्हणजे २०२१ मध्ये निम्मी वीज गेली तेव्हा काही बिघडले नाही, याचा अर्थ ती अनावश्यक होती असा नव्हे. त्या काळात हल्ला निम्म्या किमतीत उपलब्ध होता आणि कोणी तो विकत घेतला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

जुनी वही

त्याहूनही स्वस्त, कारण बंद पडलेली यंत्रे कोठेतरी पडून होती आणि त्यांना दुसरे काम नव्हते. ती एका हातात गेली नाहीत, एवढेच. बक्षीस घटत जाईल तसे, मोठी रक्कम स्वीकारणाऱ्याने व्यवहारानंतर सहा ब्लॉकांवर न थांबता अधिक ब्लॉकांची वाट पाहावी, हा एक उपाय सुचवला जातो. पण बहुमत हाती असलेल्या हल्लेखोराला त्याच्या फाट्यावरची बक्षिसेही मिळतात, त्यामुळे वाट लांबवून त्याचा निव्वळ खर्च फारसा वाढत नाही. या ठिकाणी माझ्याकडे उत्तर नाही.

रात्रपाळी

आणि माझ्याकडे क्लायंटच्या वाट्याबद्दल नाही. या धाग्याच्या निमित्ताने मी कोणता क्लायंट चालवतो ते पुन्हा तपासले. तो सर्वांत जास्त वापरला जाणाराच निघाला. या आठवड्यात बदलतो. या वेळी आधी जुने यंत्र तारेसकट काढून ठेवीन, मग दोन टप्पे उलटू देईन, आणि मगच किल्ल्या नव्या जागी नेईन.